आकाशी शाई कधी फिकी, कधी गडद, कधी फुटलेली: कोकणच्या हवेत दोष कुठे शोधायचा

मृग लागला की ही तक्रार सुरू होते आणि दसऱ्यापर्यंत चालते. उन्हाळ्यात फाउंटन पेनमध्ये सुरेख चाललेली फिकट निळी शाई अचानक अक्षराच्या कडा सोडते. पेन धुऊन पुन्हा भरले तर पहिले पान नुसत्या पाण्याने लिहिल्यासारखे दिसते. पेन चार दिवस पडून राहिले तर पहिल्या दोन ओळी गडद निळ्या येतात आणि खाली रंग पुन्हा आकाशी होतो. मग शाईला बोल लावून नवी बाटली मागवली जाते आणि तिचीही तीच तऱ्हा होते. बहुतेक वेळा बाटलीतली शाई निर्दोष असते. दोष असतो पेनात उरलेल्या पाण्यात, टोपणाच्या फटीत किंवा कागदाने पिऊन ठेवलेल्या ओलाव्यात.

गडद शाईत हेच दोष असतात, पण दिसत नाहीत. रॉयल ब्ल्यू किंवा ब्ल्यू-ब्लॅक शाईत रंग इतका भरलेला असतो की त्यात दहा टक्के पाणी मिसळले किंवा दहा टक्के उडाले तरी डोळ्याला फरक कळत नाही. आकाशी शाईत मुळात रंग थोडा, त्यामुळे तेवढाच फरक ओळीत उघडा पडतो. पायलटच्या इरोशिझुकू मालिकेतली 'आमा-इरो', पेलिकन ४००१ किंवा लॅमीची टर्कॉइज, जे. हर्बाँची 'ब्ल्यू पेर्वांश' या सगळ्यांना हे कमीअधिक लागू आहे. एकाच बाटलीत दोन-तीन रंग मिसळून केलेल्या, लिहिताना निळ्या आणि वाळल्यावर किंचित जांभळट किंवा हिरवट होणाऱ्या शायांना तर जास्तच.

आधी बाटली तपासा, पेन नंतर

पेन उघडून धुवायला घेण्याआधी पाच मिनिटांची एक चाचणी करावी. कान साफ करायची कापसाची काडी बाटलीत बुडवून कागदावर दोन बोटे रुंद पट्टा ओढायचा, आणि शेजारी त्याच शाईत टोक बुडवलेल्या टूथपिकने दोन ओळी लिहायच्या. काडी दरवेळी नवी घ्या, वापरलेली पुन्हा बाटलीत घालू नका. कागद मात्र हवाबंद डब्यात ठेवलेला, कोरडा हवा. टेबलावर चार दिवस उघडी पडलेली वही इथे चालणार नाही, का ते पुढे येईलच.

पट्ट्याचा रंग नेहमीसारखा आला तर शाई ठीक आहे, शोध पेनात आणि कागदात घ्यायचा. पट्टाच बदललेला दिसला, गढूळ आला किंवा त्यात कण दिसले, तर थेट बुरशीच्या भागाकडे जा.

'नेहमीसारखा' म्हणजे कसा, हे आठवणीवर सोडू नये. नवी बाटली उघडली त्याच दिवशी एका कार्डावर असा पट्टा आणि दोन ओळी काढून, खाली तारीख आणि कागदाचे नाव लिहून ते कार्ड बंद डब्यात अंधारात ठेवावे. पुढच्या सगळ्या तुलना त्या कार्डाशी करायच्या, आणि त्या एकाच उजेडात. पिवळट एलईडी दिव्याखाली (२७०० ते ३००० केल्विन) आकाशी रंग राखाडी-हिरवट दिसतो, पांढऱ्या दिव्याखाली (६५०० केल्विन) पुन्हा निळा. पावसाळी अंधारात दुपारीही दिवा लावून बसावे लागते, तेव्हा शाई 'बदलल्याच्या' काही तक्रारी दिव्याचा बल्ब बदलल्यावर मिटतात.

धुतल्यानंतर पहिले पान फिके

कारण साधे आहे, जिभेत पाणी उरलेले असते. निबखालच्या जिभेला ज्या बारीक खाचा असतात, त्यांचे कामच द्रव धरून ठेवण्याचे. कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे पेनातल्या शाई ओढून भरायच्या नळीत, साधारण ०.८ मिली शाई मावते. ढोबळ हिशोबाने २० थेंबांचा १ मिली होतो, म्हणजे जिभेत दोन थेंब पाणी राहिले तरी ०.१ मिली झाले आणि पेनातल्या एकूण द्रवाचा नववा भाग पाणी झाला. त्यातही हे पाणी निबच्या अगदी जवळ असल्याने पहिल्या पानावर त्याचे प्रमाण याहून कितीतरी जास्त असते.

मे महिन्यात धुतलेले पेन रात्रभर उभे ठेवले तरी भागते. जुलैमध्ये भागत नाही. हवेतली आर्द्रता ८५ ते ९५ टक्के असताना खाचांतले पाणी उडून जाण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही, ते ओढूनच काढावे लागते. पाणी स्वच्छ येईपर्यंत पेन धुवा. शेवटची दोन आवर्तने डिस्टिल्ड वॉटरने करा. मग निबभोवती टिश्यूचा घट्ट वेढा देऊन हात दोन-तीनदा झटका. त्यानंतर एका पेल्यात टीपकागदाची चौपदरी घडी ठेवून तिच्यावर निब खाली टेकेल असे पेन उभे करा. टीपकागद जिभेतले पाणी ओढून घेतो. चार-पाच तासांनी घडी बदला. पावसाळ्यात यासाठी पुरते २४ तास द्यावेत. एबोनाइटची (कडक रबराची) जीभ असेल तर हेअर ड्रायर लावू नका, उष्णतेने ती वाकते आणि निबपासून सुटते.

तेवढा वेळ नसेल तर पेन भरा, चार-पाच थेंब वाया जाणाऱ्या पाण्याच्या वाटीत पिळून टाका (बाटलीत परत मुळीच नाही), निब टिश्यूला पाचेक सेकंद टेकवून ठेवा आणि कन्व्हर्टर पुन्हा भरून घ्या. ५० मिलीच्या बाटलीत साठ-एक भरणी होतात, त्यामुळे पाच थेंबांचा हा खर्च मनाला लावून घेण्यासारखा नाही.

कोणत्या पाण्याने धुवायचे, हा प्रश्न किनारपट्टीवर महत्त्वाचा आहे. जांभ्यातल्या विहिरींचे पाणी सहसा मऊ असते, पण काही विहिरींच्या पाण्यात लोह असते. हंड्यावर तांबूस थर धरत असेल तर तो पेनाच्या खाचांतही धरणार. खाडीजवळच्या विहिरी एप्रिल-मे महिन्यांत मचूळ होतात, आणि त्या पाण्यातले मीठ शाईतल्या रंगाला द्रावणातून बाहेर ढकलते. रंगाच्या कारखान्यात तयार रंग पाण्यातून वेगळा काढायला मीठच वापरतात, तीच क्रिया इथे नको त्या जागी घडते. शंका असेल तर दोन बाटलुकल्या घ्या. एकीत ५ मिली विहिरीचे पाणी, दुसरीत ५ मिली डिस्टिल्ड, दोन्हींत १ मिली शाई. २४ तासांनी उजेडासमोर धरून पाहा. पहिलीच्या तळाशी धागे किंवा गाळ दिसला तर ते पाणी पेनाला लावू नका.

डिस्टिल्ड वॉटर पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीच्या दुकानात मिळते. तिथेच बॅटरीत घालायचे ॲसिडही तशाच कॅनमध्ये ठेवलेले असते, म्हणून लेबल वाचूनच घ्या.

पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकते आणि त्यानेच शाई उडते, असे अनेकजण छातीठोक सांगतात. ते पटण्यासारखे नाही. पिण्याच्या पाण्यात उरलेले क्लोरीन लिटरमागे मिलिग्रॅमच्या मापात असते, आणि शाई कितीही फिकट असली तरी तिच्यात रंग लिटरमागे ग्रॅमच्या मापात असतो. जिभेत उरलेल्या दोन थेंब पाण्यातले क्लोरीन त्या रंगाचे काही बिघडवू शकत नाही. पान फिके आले ते त्या दोन थेंबांमधल्या पाण्यामुळे.

पडून राहिल्यावर पहिल्या ओळी गडद

हा उलट दोष. टोपण नीट बंद होत नसेल तर निब आणि जिभेतल्या शाईचे पाणी उडते, रंग मागे राहतो आणि पहिल्या ओळी दाट येतात. भर पावसात हा दोष लपतो, कारण हवाच ओली असते. तो दिसतो डिसेंबर-जानेवारीत, रात्री-पहाटे जमिनीकडून कोरडे मतलई वारे येतात तेव्हा, किंवा दिवसभर एसी चालणाऱ्या ऑफिसात. टर्कॉइज शायांत याच वेळी निबच्या फटीवर निळी खपली धरते. ती ओल्या टिश्यूने पुसून टाकावी, नखाने किंवा पिनेने खरवडू नये.

टोपण तपासायला ते आधी धुऊन वाळवा. उघड्या तोंडाला ओठ लावून आतली हवा ओढा. टोपण ओठाला चिकटून राहिले तर ठीक, हवा सहज येत राहिली तर कुठेतरी फट आहे. काही टोपणांच्या टोकाला मुद्दाम भोक ठेवलेले असते, लहान मुलाने गिळले तर श्वास चालू राहावा म्हणून. ते बुजवू नका. अशा टोपणाच्या आत आणखी एक छोटी टोपी असते आणि निब खरे तर तीच झाकते. ती तडकली असेल तर टोपणच बदलावे लागते. बाकीच्यांत फट बहुधा क्लिपच्या स्क्रूपाशी असते. तिथे आतून मेणबत्तीच्या मेणाचा एक थेंब सोडून टोपण उभे ठेवून थंड होऊ दिले की काम होते.

नेमके मोजायचे असेल तर सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा वापरा. भरलेले पेन टोपण लावून तोला, सात दिवस हात न लावता निब वर करून ठेवा, पुन्हा तोला. ०.१ ग्रॅम घट आली तर कन्व्हर्टरमधल्या ०.८ मिलीतला आठवा भाग उडून गेला, आणि आकाशी शाईत तो ओळीवर स्पष्ट दिसणारच.

दाटलेली शाई पेनात असताना निब पाण्यात बुडवण्याचा मोह टाळा. पुन्हा फिक्या पानाचा दोष ओढवून घ्याल. निबखाली टिश्यू धरून ताजा रंग येईपर्यंत दाट शाई शोषून काढा, एवढे पुरे.

ड्रॉपरने टाकीत शाई भरायचे पेन असेल तर गडदपणाचे आणखी एक कारण असते. टाकी एक तृतीयांशाच्या खाली गेली की वरची हवा हाताच्या उबेने फुगते, शाई खाली ढकलते आणि ओळ जाड, दाट होते. कधी थेंबही पडतो. अशा पेनात शाई एक तृतीयांश राहिली की पुन्हा भरा.

शाई फुटते, कडांना झालर येते

पावसाळ्यातल्या तक्रारींचा सर्वांत मोठा वाटा हाच, आणि यात शाईचा हात सर्वांत कमी.

कागद हवेतला ओलावा घेतो. ५० टक्के आर्द्रतेत त्याच्या वजनाच्या सहा-सात टक्के पाणी असते, ९० टक्क्यांजवळ ते साधारण बारा टक्के किंवा त्याहून वर जाते. ओलाव्याने तंतू फुगतात. शाई आत झिरपू नये म्हणून कागदाला दिलेली खळ अशा वेळी पुरेसे काम करत नाही. मग शाई तंतूंच्या वाटेने बाजूला धावते, अक्षराला केस फुटतात आणि पाठीमागेही उमटते. एकाच रंगाच्या शाईत नुसती कड बिघडते. मिश्ररंगी शाईत त्यातला एक रंग दुसऱ्यापेक्षा लांब धावतो, म्हणून ओळीभोवती गुलाबी किंवा हिरवट झालर दिसते आणि शाई नासली असे वाटते.

आपली शाई मिश्ररंगी आहे का, ते टीपकागदाच्या पट्टीवर कळते. २ सेंमी रुंद पट्टी घ्या, खालून २ सेंमीवर शाईची आडवी रेघ काढा, वाळू द्या आणि पेल्यातल्या १ सेंमी पाण्यात पट्टी उभी करा. पाणी रेघेच्या वर राहता कामा नये. पंधरा-वीस मिनिटांत पाणी चढताना रंग सोबत ओढते आणि निरनिराळे रंग निरनिराळ्या उंचीवर थांबतात. निळ्याच्या वर गुलाबी पट्टा दिसला तर पावसाळ्यातली झालर कुठून येते हे तुम्हाला कळले.

दोष कागदाचाच आहे याची खात्री अशी करा. एकाच पानाचे दोन तुकडे करा. एक हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत (ओलावा शोषणारे मणी) तीन दिवस ठेवा, दुसरा टेबलावर. मग एकाच पेनाने लागोपाठ दोन्हींवर लिहा. कोरडा तुकडा डब्यातून काढल्यावर दोन-तीन मिनिटांच्या आत लिहायला हवे, कारण सुटे पान काही मिनिटांतच पुन्हा ओलावा घ्यायला लागते. इस्त्री फिरवून पान कोरडे करण्याची युक्ती याच कारणाने टिकत नाही. पान कोरडे होते हे खरे, पण पत्र अर्धे लिहून होईपर्यंत ते पूर्वीसारखेच दमट झालेले असते.

म्हणून साठाच कोरडा ठेवायला हवा, आणि इथे बरेच जण प्रमाणात चुकतात. बुटांच्या खोक्यात येते ती पाच ग्रॅमची पुडी वहीत ठेवून काही होत नाही. हिशोब करून पाहा. ७५ जीएसएमच्या (चौरस मीटरला ७५ ग्रॅम) ए-४ कागदाचे ५०० पानांचे रीम सुमारे २.३ किलो भरते. त्याचा ओलावा बारा टक्क्यांवरून सातवर आणायचा तर सव्वाशे ग्रॅमच्या आसपास पाणी बाहेर काढायचे आहे. सिलिका जेल आपल्या वजनाच्या पाव भागाएवढे पाणी धरते असे धरले, तर एका रीमला अर्धा किलो जेल लागते. ए-५ आकाराच्या शंभर पानी, ८० जीएसएमच्या पॅडचे वजन पाव किलो, त्याला ५० ग्रॅम पुरते. सगळे रीम वाळवण्याच्या फंदात न पडता आठवड्याला लागतील तेवढीच पाने घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत, हे माझ्या मते सर्वांत सोयीचे. डबा दोन-तीन दिवस उघडायचा नाही, ओलावा गठ्ठ्याच्या आतून बाहेर यायला तेवढा वेळ लागतो.

जेल ओले झाले की निळे मणी गुलाबी होतात, नारिंगी जातीचे मणी हिरवट किंवा रंगहीन. ओव्हनमध्ये १२० अंशांवर दीड-दोन तास ठेवले की ते पुन्हा कोरडे होतात. निळ्या मण्यांत कोबाल्ट क्लोराईड असते. ते विषारी आहे, म्हणून जेवणाचे भांडे किंवा खायचे पदार्थ भाजायचा ओव्हन त्यासाठी वापरू नका. घरात हेच करायचे असेल तर नारिंगी जात घ्या आणि तिच्यासाठीही वेगळा ट्रे ठेवा.

कपाट कुठे आहे तेही पाहा. जांभ्याची बाहेरची भिंत पावसात आतपर्यंत ओलावते. तिला टेकून ठेवलेल्या कपाटातल्या वह्यांची मागची पाने आधी फुटायला लागतात. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढले आणि खालच्या कप्प्यातला कागद वर नेला तरी फरक पडतो.

निबच्या बाबतीत पावसाळ्यात एक तडजोड करावी लागते. फिकट रंग वाचता यावा म्हणून रुंद, ओली (जास्त शाई सोडणारी) निब बरी असते, आणि ओल्या कागदावर तीच निब सर्वांत जास्त फोडते. कोरडा साठा नसेल तर जून ते सप्टेंबर 'बी' (रुंद) बाजूला ठेवून 'एम' (मध्यम) किंवा थोडी ओली 'एफ' (बारीक) वापरा. शाईचीही ओढ वेगवेगळी असते. इरोशिझुकू भरभरून वाहतात, पेलिकन ४००१ हात आखडून. फुटण्याचा त्रास असेल तर दुसऱ्या प्रकारची शाई बरी.

प्रवाह वाढावा म्हणून शाईत भांड्याच्या साबणाचा थेंब घालायचा सल्ला सर्रास दिला जातो. साबणाने शाई कागदात आणखी सहज शिरते, म्हणजे फुटण्यात भरच पडते. पावसाळ्यात तर हे करूच नका. फुटू नये म्हणून डिंक घालायचा सल्ला त्याहून वाईट. डिंकाची शाई बुडवून लिहायच्या टाकासाठी ठीक आहे, पण फाउंटन पेनच्या जिभेत ती वाळून बसते आणि मग पेन पुरते उघडावे लागते.

टीपकागदाबद्दल इथेच सांगतो. आकाशी शाईचा रंग वाळेपर्यंत बराचसा पृष्ठभागावरच असतो, आणि अक्षरात कुठे दाट कुठे विरळ अशी जी छटा पडते ती तिथेच तयार होते. लिहिल्याबरोबर टीपकागद दाबला तर तो रंगच उचलून नेतो आणि ओळ कायमची फिकी होते. तोमोए रिव्हरसारख्या गुळगुळीत कागदावर तर पावसाळ्यात शाई फारच सावकाश वाळते. पान उघडेच राहू द्या, घाईच असेल तर निदान अर्धा मिनिट थांबून हलका स्पर्श करा. टीपकागदाचा खरा उपयोग हाताखाली ठेवायला. घामट मनगटाचा ओलावा आणि तेल कागदावर जात नाही, आणि वरच्या ओळीही फासत नाहीत.

बाटलीत तवंग, वास, धागे

पृष्ठभागावर राखाडी तवंग, झाकणाच्या आट्यांत चिकट पदार्थ, कुबट वास, निबवर बुळबुळीत धागा, यातले काहीही दिसले तर ती बुरशी. गाळून वाचवायला जाऊ नका. गाळणीतून बुरशीचे बीजाणू सहज जातात. शाई टाकून द्या.

कोकणात ही बुरशी कुठून येते, याचे एक कारण लोकांच्या लक्षात येत नाही. आकाशी छटा मिळावी म्हणून अनेक जण रॉयल ब्ल्यूमध्ये पाणी घालतात. शाईत बुरशीरोधक रसायन ठरावीक प्रमाणात घातलेले असते. शाईच्या तिप्पट पाणी घातले की रंग चौथाईवर येतो आणि बुरशीरोधकही चौथाईवर. वर ते पाणी विहिरीचे असेल तर बीजाणूही सोबत आलेच. पातळ करायचेच असेल तर डिस्टिल्ड वॉटर घ्या, एका वेळी २-३ मिलीच करा आणि आठवडा-पंधरा दिवसांत संपवा. मुळात आकाशी म्हणून बनवलेली शाई यापेक्षा केव्हाही चांगली.

पेन बाटलीत बुडवून भरू नये, निदान पावसाळ्यात तरी. औषधाच्या दुकानातून ५ मिलीची नवी सिरिंज घ्या, बोथट सुई लावा किंवा सुई काढून टाका, लागेल तेवढी शाई छोट्या बाटलीत काढून मोठी बाटली लगेच बंद करा. उरलेली शाई परत ओतू नका.

बुरशी लागलेल्या पेनाचा कन्व्हर्टर फेकून द्या, तो स्वस्त असतो. प्लास्टिकचे भाग घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग अशा द्रावणात पाच-दहा मिनिटे ठेवून भरपूर पाण्याने धुवा. स्टीलची निब, धातूचे भाग आणि एबोनाइट या द्रावणात घालू नका. निब साबणाच्या कोमट पाण्याने मऊ ब्रशने घासावी. ब्लीचमध्ये अमोनिया किंवा व्हिनेगर कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. खिडकी उघडी ठेवूनच हे काम करा.

लिहिताना ठीक, महिन्याभराने पुसट

सगळ्या निळ्या शाया एकाच रंगाच्या नसतात. 'वॉशेबल' म्हणून विकल्या जाणाऱ्या निळ्या शाईतला रंग अल्कधर्मी पदार्थाने रंगहीन होतो. हल्लीच्या बहुतेक झेरॉक्स कागदांत खडूसारखे कॅल्शियम कार्बोनेट भरलेले असते आणि तो कागद किंचित अल्कधर्मी असतो. गडद शाईत हा ऱ्हास वर्षानुवर्षे ध्यानात येत नाही, पातळ केलेल्या शाईत लवकर येतो. टर्कॉइज शायांत वापरले जाणारे रंग निराळे असतात, त्यांना या कागदाचे फारसे भय नाही.

आपली शाई कोणत्या जातीची हे घरात कळू शकते. पानाच्या डब्यातला चुना चिमूटभर, कपभर पाण्यात ढवळून तासभर ठेवा. वरची स्वच्छ निवळी कापसाच्या काडीने वाळलेल्या ओळीवर लावा. एक-दोन मिनिटांत निळा रंग जवळजवळ नाहीसा झाला तर शाई वॉशेबल जातीची. त्याच जागी लिंबाचा रस लावल्यावर निळाई काही अंशी परतते. निवळीने ओळ नुसती ओली होऊन पसरली पण रंग तसाच राहिला, तर ती दुसऱ्या जातीची. निवळी डोळ्यात जाऊ देऊ नका. वॉशेबल जातीची शाई टिकाऊ नोंदींना वापरू नये.

उन्हाचा परिणाम वेगळा तपासावा लागतो. पट्टा काढलेल्या कार्डाचा अर्धा भाग ॲल्युमिनियम फॉइलने झाकून दक्षिणेच्या खिडकीत लावा आणि एक, दोन, चार आठवड्यांनी पाहा. हे नोव्हेंबर ते मार्च या काळातच करायचे. जुलैत ऊनच नसते, आणि खिडकीतल्या ओलाव्याने झालेला बदल उन्हाच्या नावावर लागतो.

फॉर्म, अर्ज, पावत्या यांना आकाशी शाई नको. झेरॉक्समध्ये ती धड उमटत नाही. छपाईच्या जुन्या पद्धतीत मांडणीच्या खुणा मुद्दाम अशाच फिकट निळ्या पेन्सिलीने करत, कारण कॅमेऱ्याच्या फिल्मवर त्या येत नसत.

रंग एक पायरी गडद करायचा असेल तर

पेन आणि कागद दोन्ही ठीक असूनही शाई डोळ्याला ताण देत असेल, तर पाणी उडावे म्हणून बाटली उघडी ठेवू नका. कोकणात पाणी उडण्याआधी बुरशी बसते. त्याच कंपनीची, त्याच मालिकेतली गडद निळी घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांच्या शायांची आम्लता जुळत नाही आणि गाळ बसण्याचा धोका असतो. ३ मिली आकाशीत सिरिंजने एक थेंब गडद निळी घाला, बाटली हलकेच उलटीपालटी करा (जोरात हलवू नका, फेस होतो), काडीने पट्टा काढा, वाळू द्या आणि कार्डाशी ताडून पाहा. ओला पट्टा नेहमीच गडद दिसतो, त्यावर निर्णय घेऊ नका. कमी वाटले तर आणखी एक थेंब, यापुढे सहसा जावे लागत नाही. मिश्रण ४८ तास स्थिर ठेवा. तळाशी काही बसले नाही आणि पृष्ठभागावर काही तरंगले नाही, तरच ते पेनात भरा, तेही आधी सहज उघडून धुता येणाऱ्या साध्या पेनात. बाटलीवर प्रमाण आणि तारीख लिहा. ३ मिलीला किती थेंब घातले हे लिहिलेले नसेल तर तीच छटा पुन्हा जुळत नाही.